पाठीवरची बेंबी

ती. दादांना,

सुई उशीत खोचून आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणून तुमच्या शिंपी मेहुण्याचा नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? टाके आता ओढत नाहीत ना? वहिनी जिना चढू देतात की अजून खालच्याच खोलीत डांबून ठेवलंय? (सहज विचारतो, ऑपरेशनच्या आधी तुम्हाला दुखायचं ते जेवण झाल्यावरच की अधूनमधून कधीही? आणि कळ पाठीत जायची का? काही विशेष नाही, माणसाने माणसाची चौकशी करावी म्हणून.) आमच्याकडे सगळं ठीक. शाळा उघडायच्या आहेत, गणवेशांचे ढीग पडलेत, मशीनला तेल पाजायला वेळ नाही. पाकिटावरचा पत्ता नेहमीसारखा हिच्या हातचा असेल, कारण माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही हे तुम्ही जाणताच.

तर दादा, गोंधळ असा झाला. तुमच्या बहिणीने रुग्ण-सहायकाचा वर्ग लावलाय हे तुम्हाला ठाऊक आहे. मागच्या वेळी लेखी परीक्षेत पास झाली आणि तोंडी परीक्षेत तोंडच उघडेना. आता ही दुसरी आणि शेवटची संधी. कोपऱ्यावरच्या दवाखान्याने हिच्यासाठी जागा धरून ठेवलीय, पण पास झाली तरच. त्यामुळे गेले काही आठवडे आमच्या घरात जेवताना, झोपताना, भांडतानासुद्धा शरीररचना चालू आहे. मी भाजी वाढ म्हणालो तर ही म्हणते आधी सांगा, कोपर मनगटाच्या समीप की दूर? आता कोपर आणि मनगट दोन्ही माझीच, मला दोन्ही सारखीच जवळची! तर म्हणे तसं नाही, खांद्याकडून मोजायचं. खांद्याच्या बाजूचं ते समीप, बोटांच्या बाजूचं ते दूर. मग माझा अंगठा जन्मापासून माझ्यापासून दूरच होता म्हणायचा. भाजी मीच वाढून घेतली.

आणि दादा, यात उभं राहण्याचीसुद्धा एक पद्धत आहे. माणूस सरळ उभा, पाय जुळवलेले, तोंड समोर आणि तळहात पुढे वळवलेले. हात धुऊन झाल्यावर टॉवेल कुठे गेला म्हणून आपण उभे राहतो ना, तसं. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की हात सैल सोडा, नेहमीसारखे उभे राहा, नाहीतर बाही चुकते. आणि इथे सगळं शास्त्र असल्या अवघडलेल्या माणसावर रचलेलं! शिवाय माणूस झोपला तरी त्याचं डोकं 'वर'च आणि पाय 'खाली'च, आणि डावं-उजवं म्हणजे बघणाऱ्याचं नाही, ज्याचं शरीर त्याचं. हे शेवटचं मला लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यातही गिऱ्हाइकाचा उजवा खांदा तो उजवाच. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

वर्गाच्या बाईंनी प्रत्येकीला दाखवायला काहीतरी तयार करून आणायला सांगितलं होतं. बाकीच्या पुठ्ठे कापत बसल्या. मी म्हणालो, घरात शिंपी असताना पुठ्ठा? माझी काही अब्रू आहे की नाही? हिने आधी एक पेशी मागितली. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान जिवंत तुकडा, डोळ्यांना दिसतही नाही इतका. म्हणून आम्ही तो चांगला लोडाएवढा केला. मधे केंद्रक म्हणून लोकरीचा गोळा, आजूबाजूला पेशीद्रव्याचा कापूस, आणि त्यात तंतुकणिका म्हणून रंगीत चिंध्यांच्या सुरळ्या. या तंतुकणिका पेशीला शक्ती पुरवतात. (मी दोन जास्त घातल्या. काम करायला शक्ती लागते.) बाहेरून पातळ पेशीपटल, अगदी तलम कापडाचं. पण ते कापड सारखं बसायला लागलं, लोड पोळीसारखा चपटा व्हायला लागला! म्हणून मी कडेने कॉलरीत घालतो ते कडक कापड आतून शिवलं. कशी ताठ उभी राहिली पेशी! ही वर्गात घेऊन गेली तर बाई म्हणाल्या, माणसाच्या पेशीला अशी कडक भिंत नसते, ती झाडाच्या पेशीला असते. म्हणजे एका कॉलरीच्या अस्तरापायी मी माणसाचं झाड केलं. ही रडवेली होऊन परत आली, मी उसवत बसलो, आणि तेव्हापासून मी स्वतःच्या हाताकडे बघतो तेव्हा मला आत असंख्य बिनकॉलरीच्या उशा दिसतात. पेशींची ऊती, ऊतींचं इंद्रिय, इंद्रियांची संस्था. म्हणजे धाग्याचं कापड, कापडाची बाही, बाह्यांचा कोट, असं मी समजून घेतलं. मग टाका म्हणजे काय, असं हिला विचारलं तर हिने पुस्तक मिटलं.

खरा घोटाळा अॅप्रनचा. हिची कल्पना अशी की मी अॅप्रन घालून त्या अवघडलेल्या माणसासारखं उभं राहायचं आणि हिने माझ्यावरची कापडी इंद्रियं एकेक काढून दाखवायची. शरीर म्हणून मी. (सरावाला मी नकार दिला, कारण बरगड्यांखाली मला फार गुदगुल्या होतात. हिचा हात लागला की मी उडतो. ही म्हणाली लग्नानंतर इतक्या वर्षांत तुम्हाला गुदगुल्या कधी झाल्या नाहीत, आत्ताच कशा? मी म्हणालो वयोमानाने.) फुप्फुसं गुलाबी, यकृत तपकिरी, त्याच्याखाली पित्ताशयाची हिरवी थैली, पोटाला पोतं. हृदयाला लाल मखमल लावली. कुठे काय ते हिने स्वतः पुस्तकात बघून टाचण्या लावून दिलं, मी टिचबटणं शिवली. बेंबी पुस्तकात नव्हती, पण बिनबेंबीचा माणूस मला बघवेना, म्हणून कोटाचं एक मोठं बटण मी माझ्या पदरचं लावलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ही वर्गावर पुढे गेली. मी दुकानात अॅप्रन घातला आणि जे मी प्रत्येक कपड्याचं करतो तेच केलं, ट्रायलच्या आरशासमोर उभा राहिलो. एका हातात पुस्तक. पुस्तकात यकृत माझ्या डाव्या हाताला, आरशात उजव्या हाताला! काळजात धस्स झालं. (काळीज म्हणजे हृदय की यकृत यावर आमचं वेगळं भांडण झालंय, ते पुन्हा कधीतरी.) मला वाटलं, बिचारीने घाईत उलटं टाचलं आणि आता सगळ्यांसमोर हसं होणार. बसलो, सगळी टिचबटणं उसवली आणि डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे करून शिवलं. आरसा आणि पुस्तक अगदी तंतोतंत जुळले. इस्त्री केली, घडी घातली, आणि बायकोची लाज राखली म्हणून छाती फुगवून निघालो. पुस्तकातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो आणि आरशातला माणूस आपणच असतो, हे माझ्या डोक्यात शिरलं ते परीक्षेच्या खोलीत, हिचा चेहरा बघून.

बाहेरून आलेले एक डॉक्टर परीक्षा घेत होते. मी तळहात पुढे करून उभा. हिने बघितलं, माझं हृदय उजवीकडे. तोंडाचा रंग उडाला. मला वाटलं, संपलं, मागच्यासारखी गप्प होणार. पण दादा, तुमची बहीण! तिने माझ्या मानेची नाडी सोडली, अॅप्रन गर्रकन फिरवून पाठीवर आणला, नाड्या पुढून बांधल्या आणि मला डॉक्टरांकडे पाठ करून उभं केलं. म्हणाली, हे शरीर मागून बघितलेलं आहे. आणि खरंच, हृदय पुन्हा डाव्या बाजूला! मी मनात टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, मग पाठीवर बेंबी कशी?

त्या बटणाने माझा घात केला. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं. हिने क्षणभर माझ्याकडे असं बघितलं की माझ्या सगळ्या तंतुकणिका एकदम बंद पडल्या. मग अॅप्रन ओढून काढला (बटण तुटून कपाटाखाली गेलं, ते गेलंच) आणि म्हणाली, कापड राहू द्या, माणसावरच दाखवते. छातीवर हात ठेवून हृदय सांगितलं, फुप्फुसं सांगितली, जठर सांगितलं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. बरगड्यांखाली बोटं दाबून म्हणाली, हे यकृत, आणि याच्याखाली पित्ता... आणि मी 'आई गं!' म्हणून ओरडलो. म्हणजे गुदगुल्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गुदगुल्या झाल्यावर माणूस हसतो. ही मात्र परीक्षा विसरली, डॉक्टरांकडे पाठ केली, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, मनगट धरून बसली. डॉक्टर बघत राहिले. मग वहीत काहीतरी लिहून म्हणाले, पुढचे प्रश्न नकोत, बाई पास.

पास झाली, दादा! पहिल्या तारखेपासून दवाखान्यात रुजू व्हायचंय. मी तिच्यासाठी पांढरा कोट बेतलाय. तुम्हाला आणि वहिनींना पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा,
शिंपी मेहुणा

ता. क. : कोटाला बाहेरून खिसे दोन पुरेत का, की तीन करू?

ता. क. दुसरा : त्या गुदगुल्या नाहीत. दुखतं. बरेच दिवस झाले. डाव्या बाजूला, बरगड्यांखाली, जेवलो की कळ येते. तुमचंही असंच सुरू झालं होतं ना? मला एकट्याने डॉक्टरकडे जायचा धीर होत नाही. तुम्ही एक दिवस याल का? आपण बटणं आणायला जातोय असं घरी सांगू. हिला यातलं काही कळता कामा नये, तिची नवी नोकरी आहे, उगाच घोर लागेल. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

ता. क. तिसरा : मला फार भीती वाटते, दादा. तेवढंच.

दादा, मी लिहितेय. यांनी पत्ता घालायला पाकीट माझ्या हातात दिलं, पण ते चिकटवायचं स्वतःच विसरले. डावी बाजू लिहिलीय ती उजवी समज, माझ्या बोटाखाली लागलंय. परीक्षा घेणाऱ्या त्याच डॉक्टरांची मी बुधवारची वेळ घेतली आहे, अजून यांना सांगितलेलं नाही. तू मात्र नक्की ये आणि आपण बटणं आणायला जातोय असंच म्हण. माझ्यासमोर हे घाबरत नाहीत, आणि त्या दिवशी त्यांना कोणासमोर तरी घाबरता आलं पाहिजे. मी दाराबाहेर बसेन. येताना कोटाचं एक मोठं बटण खरंच घेऊन ये, बेंबी हरवली आहे.