सकाळी न उडणारं पिस्तूल

१२ डिसेंबर १९३४

उडलं नाही! आजही नाही!

आप्पांनी अंगणाच्या कडेला उभं राहून हात लांब केला, एक डोळा मिटला. आत्याबाईंनी कानांत बोटं घातली. मी खांबाआड. आणि — खट्! बस्स, एवढंच. माडावरचा कावळासुद्धा हलला नाही. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून आत्मारामकाका मात्र पोट धरधरून हसले. 'भाऊ, वाघराला नुसतं हूश कर, ता पळेल!' आप्पांचे हे सख्खे चुलतभाऊ, पण दोघांमधून विस्तव जात नाही. आप्पांचे कान लाल.

'बेल्जमचा माल हाय' म्हणून आप्पांनी, आमच्या सासरेबुवांनी, मुंबईहून मिरवत आणलेलं हे पिस्तूल. स्वस्तात मिळालं म्हणून काय तो तोरा! रत्नागिरीच्या कचेरीत हेलपाटे घालून परवाना काढला — बागेत बिबळ्या येतो, या सबबीवर. बिबळ्या खरंच आला, भल्या सकाळी गोठ्याजवळून आमच्या मोत्या कुत्र्याला उचलून घेऊन गेला, आणि पिस्तूल काय म्हणालं? खट्!

मला हसायला काय जातंय! पण माझाच जीव त्यात अडकलाय. यांना परळला खोली मिळाली. पत्रात लिहिलंय — आता ये. लग्नाला दोन वर्षं झाली नि यांचा सहवास म्हणजे शिमगा नि गणपती. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, 'वाघरू दारात असताना घरातलं मानूस कमी करू? ह्ये पिस्तूल सकाळचं उडूंदे. मंग खुशाल जा.'

म्हणजे माझी मुंबई या मेल्या लोखंडाच्या तुकड्यावर अडली!

१४ डिसेंबर

उडलं! उडलं! उडलं!

डोकं माझं हो. काडतुसं दमट झाली असणार, म्हणून सुपात पापडांशेजारी घालून उन्हात ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, 'तळतंस काय गो?' आत्याबाई म्हणजे आप्पांची बहीण, घरातलं चूल-भांडं त्यांच्याच हातात. दुपारी जेवणं झाल्यावर आप्पांनी चाप ओढला — धडाम्! गाय दावं तोडून पळाली. करवंटीवर नेम होता, लागला शेणीच्या ढिगाला. असू दे. नेमाचं मागाहून बघू.

यांना पत्र लिहायला घेतलं.

१५ डिसेंबर

सकाळी पुन्हा खट्. तीच काडतुसं, तेच ऊन खाल्लेली. पत्र फाडलं. जेवले नाही.

१९ डिसेंबर

सदूमामांना बोलावलं. जन्मभर आगबोटीवर इंजिनात काम केलेला माणूस, वाडीतलं काहीही मोडलं की त्यांच्याकडे. त्यांनी पिस्तूल कानाशी धरून घोडा वरखाली केला. 'आतली कमान, स्प्रिंग, कमजोर. स्वस्तातला माल आसाच. घोडा पडता, पन टिचकी मारल्यासारका.' न उडालेल्या काडतुसाचं बूड दाखवलं. मधल्या टोपीवर बारीकशी खळी, कोंबडीनं चोच मारावी तशी. उडालेल्यावर बघावं तर चांगला खड्डा!

जाताना मला बजावलं, 'नाय उडला तर लगेच उगडून बगू नको हां. कदी कदी मागाहून उडता.' अंगावर काटा आला. खोटं कशाला, मजाही वाटली!

त्यांनी स्क्रू आवळून दिला. आता कसं उडत नाही बघू.

२० डिसेंबर

उडलं नाही. दुपारी उडलं. याला काय उशिरा उठायची खोड आहे?

२३ डिसेंबर

सापडलं!! घाईत अक्षर बघ कसं येतंय.

सकाळी न्हाऊन केसांना तेल लावायला बाटली घेतली तर थिजलेलं. थंडीत रोजचंच. उठून चुलीपाशी ठेवायला गेले आणि अर्ध्या वाटेत उभीच राहिले. खोबरेल! खाऱ्या वाऱ्यानं गंजू नये म्हणून आप्पा रोज संध्याकाळी पिस्तुलाला खोबरेल चोपडतात. आमच्याकडे सगळ्यालाच खोबरेल — केसांना, बिजागरीला, बैलाच्या शिंगांना, रडणाऱ्या पोराच्या टाळूला. मग पिस्तुलानं काय पाप केलंय! ते आत झिरपतं, पहाटेच्या गारठ्यात थिजतं, आणि आधीच नाजूक कमानीचा घोडा त्या लोण्यातून रखडत येतो. दुपारी वितळलं की धडाम्!

धावत ओसरीवर गेले. आप्पांनी आधी ऐकलंच नाही. 'खोबरेलानं कदी कोनाचं वाईट झालाय?' शेवटी म्हणाले, कर काय करायचं ते. काडतुसं काढून घेतली नि पिस्तूल माझ्या हातात दिलं. घासलेट, कोंबडीचं पीस, जुन्या धोतराची चिंधी. आतून काय निघालं म्हणून सांगू — पिवळट लोणीच! आत्याबाईंनी नाकाला पदर लावला. मी गाणं म्हणत होते.

२४ डिसेंबर

सकाळी. चांगला गारठा. आप्पांनी चाप ओढला — धडाम्! परत — धडाम्! गडग्यापलीकडे आत्मारामकाकांच्या हातातला तांब्या पडल्याचं ऐकू आलं. आप्पा इतके हसले, इतके हसले! डोळे पुसत म्हणाले, 'संक्रांत झाली की तुला बोटीत बसवतो.'

जिंकले! यांना लिहिलं — खोली झाडून ठेवा, खोबरेल मी आणते.

३१ डिसेंबर

ट्रंकेत लुगडी घातली, काढली, पुन्हा घातली. आत्याबाई म्हणतात, आताच चुरगळशील सगळी. चुरगळू देत!

पिस्तूल रोज संध्याकाळी मीच पुसते, घासलेटानं. आप्पा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. काडतुसं तेवढी स्वतःच्या कमरेला. रोज सकाळी एकतरी बार काढतात, आणि रोज उडतं. मला दरवेळी नव्यानं आनंद होतो, वेडीच मी.

६ जानेवारी १९३५

बिबळ्या गेला! टेपावरच्या, डोंगराकडच्या वाडीतल्या लोकांनी सापळा लावून धरला. अख्खं भाट्ये गाव बघायला लोटलं होतं. आम्ही पण. पिंजऱ्यात केवढंसं ते! मोत्याची आठवण आली, तरी त्याच्याकडे बघून वाईट वाटलं.

आता सगळी काळजी मिटली असं मनात आलं. पण आप्पांनी संध्याकाळी पुन्हा करवंटी बांधली. डोंगराकडे नाही, गडग्याजवळच्या माडाला. आणि माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. मी थट्टेनं म्हटलं, 'आप्पा, वाघ दोन पायांवर चालायला लागला की काय?'

हसले नाहीत.

११ जानेवारी

आज सरळ विचारलं. वाघ नाही, मग रोज कशाला?

आप्पा म्हणाले, 'संक्रांतीनंतर आत्माराम फनस तोडायला मानसं आननार हाय.' फणस गडग्यातच उभा, अर्धा आमच्या बाजूला, अर्धा त्यांच्या. आप्पांच्या नि काकांच्या बापांनी मिळून लावलेला. कोर्टात निकाल काकांच्या बाजूनं लागला. 'कुऱ्हाड लागूंदे. मंग बग.'

आवाज अगदी शांत होता. तेच वाईट. ओरडले असते तर मी घाबरले नसते.

आत्याबाई म्हणतात, तो नुसता दम देतो, लहानपणापासून तसाच. काकांना सांगावं, तर ते उलट कोयता घेऊन उभे राहतील. पिस्तूल लपवावं, तर आप्पा घर उलथंपालथं करतील नि दुसरं काहीतरी हातात घेतील. आणि हे मुंबईत. आणि पिस्तूल कुणी सुधारलं? मीच! गाणी म्हणत!

१४ जानेवारी

संक्रांत. काका तिळगूळ घेऊन आले नाहीत. आप्पाही गेले नाहीत. आत्याबाईंनी मला म्हटलं, तुजी बोट शनवारची ना, मंग तोंड आसं का?

१५ जानेवारी

उद्या सकाळी माणसं येणार.

आप्पा आंघोळीला गेले तेव्हा पिस्तूल पुसायला घेतलं. चुलीवर पातळ केलेलं खोबरेल. घोड्याच्या फटीत, कमानीत, चापामागं, जाईल तिथं ओतलं. वरून चिंधीनं पुसून कोरडं केलं. मग कोनाड्यात न ठेवता पाण्याच्या घागरीला चिकटवून ठेवलं. 'घागरीमागं कशाला?' आप्पांनी विचारलं. म्हटलं, उंदरं फिरतात कोनाड्यात.

न उडणारं पिस्तूल आप्पांच्या हातात दिलं, तर मुंबई गेली. ठाऊक आहे मला. रडले थोडी. पण आत्याबाई म्हणतात तेच खरं असेल. नुसता दम. मग काही बिघडणार नाही.

१६ जानेवारी

नुसता दम नव्हता.

आप्पांचा सकाळचा बार व्हायच्या आतच फणसावर पहिली कुऱ्हाड पडली, तसे ते गडग्याशी गेले. मी मागून. काका हसले, 'काडलंस काय तुजं खटखटं!' आप्पांनी हात लांब केला, एक डोळा मिटला आणि काकांच्या छातीवर चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्. काकांना वाटलं रिकामंच आहे. हसत पाठ फिरवून गेले.

आप्पा पिस्तुलाकडे बघत राहिले. मग ते नाकाशी नेलं. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी हात पदरात लपवले. ते गडग्यावरच बसले. मागं कुऱ्हाड चालूच होती.

मग म्हणाले, 'पोरी, शनवारची ना बोट तुजी? मी येतो बंदरापर्यंत पोचवायला.'