पहिला मुळा

अबू हलीफा, कुवेत
शनिवार, ७ फेब्रुवारी १९५९

सुगरा आपास,

धाकटा भाऊ अशरफ याचा सलाम. आम्ही सगळे इथे खैरियतीत आहोत आणि तुम्हीही तसेच असाल अशी दुआ करतो. अम्मीचा गुडघा कसा आहे ते तू लिहिलंच नाहीस. तिला म्हणावं, ओट्यावर बसून शेजारणींशी गप्पा मारताना गुडघा दुखत नाही आणि जिना चढताना बरा दुखतो. तेल चोळत जा.

मुख्य बातमी वाडीची. आपल्या गावचे आठ जण आम्ही एका घरात राहतो हे तुला ठाऊकच आहे. घरमालक म्हातारा भला आहे. मागच्या खजुरींमधली पडीक पट्टी त्याने आम्हाला वापरायला दिली. आणि आठ कोकणी एका जागी आले की पहिलं काय करतात? जमात काढतात. तुझे नवरोबा, आमचे दुल्हाभाई, वयाने मोठे म्हणून ते सदर, जमातीचे अध्यक्ष. मी सातवी पास म्हणून सेक्रेटरी. गावच्या जमातीच्या वाडीचे सगळे नियम मी आठवून आठवून वहीत उतरवले. पाण्याची पाळी चुकवायची नाही. सदराला विचारल्याशिवाय वाडीत काही म्हणजे काही घालायचं नाही. नियम मोडेल त्याचं ताट वेगळं.

उस्मानने न विचारता सुक्या मासळीचा चुरा वाफ्यात घातला, तर मी त्याला तीन दिवस वेगळ्या ताटावर बसवलं. सगळे मोठ्या थाळ्याभोवती आणि हा एकटा कोपऱ्यात. दुल्हाभाई म्हणाले, पुरे कर आता. पण मी वहीवर बोट ठेवलं. नियम तो नियम.

विहीर खारट आहे, तरी मुळा झकास आला. मध्ये पानांवर मावा पडला होता, तो गेला. काल जुम्याची नमाज झाल्यावर पहिला तोडा काढला. आपल्या गावचा रिवाज तुला आठवत असेल: पहिला मुळा सेक्रेटरीने उपटायचा आणि सदराने तो वाडीतच, उभ्या उभ्या, पाल्यासकट खायचा. मी उपटून दिला. दुल्हाभाईंनी लेंग्याला पुसला आणि डोळे मिटून खाल्ला. म्हणाले, थेट आपल्या खाडीकाठचा, जरासा कडवट आहे एवढंच. मग इद्रीसने पाल्याची भाजी आणि माशांचं कालवण केलं. इद्रीस म्हणजे आमचा स्वयंपाकी, पाटीलमोहल्ल्यातला. सगळे थाळ्याला बसले. गेल्या रमझानात तापामुळे माझा एक रोजा चुकला होता, त्याचा कजा मी काल धरला होता, म्हणून मी नुसता वाढायला.

संध्याकाळी एकेकाची पोटं बिघडली. मासळी शिळी असणार. इद्रीसला चुलीपाशी येऊ द्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं आणि तसा ठराव मी वहीत लिहिला. दुल्हाभाईंना त्रास जरा जास्त झाला. पण आज सकाळी उठून सुतारकामाला गेलेसुद्धा. डब्याबरोबर दोन मुळे घेऊन गेले. तू काळजी करू नकोस. काळजी करण्यासारखं काही नाही. उलटी झाली की माणूस मोकळा होतो.

अम्मीला सलाम.

तुझा भाऊ
अशरफ

ता. क. दुल्हाभाई जाण्यापूर्वी दोन ओळी लिहून गेले आहेत, त्या खाली.

प्रिय सुगरा, सलाम. मी खुशाल आहे. काळजी नसावी. नझीर


दवाखान्याचा व्हरांडा
रविवार, ८ फेब्रुवारी, दुपार

आपा,

कालचं पत्र मी पेटीत टाकलं आणि दोन तासांनी निरोप आला की दुल्हाभाई कामावर कोसळले. सरकारी दवाखान्यात आणलंय. मी बाहेरच्या बाकावर बसलोय. नर्सने कागद दिला.

थंडी असून त्यांचा सदरा घामाने भिजलाय. तोंडातून सारखी लाळ येते. दंडाचे, मानेचे स्नायू आपोआप उडतात. डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. डॉक्टर सकाळपासून तीनदा बाहेर आला. पोटात काय गेलं, कुठली पावडर, कुठलं औषध, उंदराचं विष घरात आहे का, नीट आठवून सांगा, म्हणाला. सगळ्यांनी मासळी सांगितली. तो माझ्याकडेही बघत होता. मीही मासळी सांगितली.

मला फार भीती वाटते, आपा. म्हणून मी उठत नाही.

कंपनीच्या रोपवाटिकेत मी फवारणीला आहे हे तुला माहीत आहे. माव्याने पानं गुंडाळायला लागली तेव्हा मी स्टोअरमधून औषधाचा एक लहान डबा न विचारता उचलला आणि जेवणाच्या पिशवीत घालून गेटबाहेर आणला. गेटवर सापडलो असतो तर पुढच्या बोटीने गावाला पाठवलं असतं. सदराला विचारलं नाही. विचारलं असतं तर डबा कुठून आणलास, हे आलंच असतं. आणि उस्मानला तीन दिवस कोपऱ्यात बसवणारा मी, कुठल्या तोंडाने विचारणार? बुधवारी कोणी नसताना फवारलं. मावा चिवट म्हणून औषध जरा जास्तच घातलं.

गुरुवारी फोरमन नव्या माणसाला समजावत होता. हे मारल्यावर पंधरा दिवस त्या झाडाचं पान तोंडात घालायचं नाही. मी शेजारीच उभा होतो.

आपा, माझा कुठलाही रोजा चुकलेला नव्हता. गेल्या रमझानात तापातही मी सगळे धरले होते, तूच मला पहाटे कांजी पाजलीस. विसरलीस का? कालच्या पत्रात मी तुलाच ती थाप लिहिली, एवढी माझी मती गेली होती. जुम्याचा दिवस, सगळे थाळ्याला बसणार, आणि मला जेवायचं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, भाजी धुतली जाईल, शिजेल, काही होत नाही. फोरमन उगाच घाबरवतो. मग मी का जेवलो नाही? काही होणार नाही अशी खात्री होती तर मी का जेवलो नाही?

मुळा मी उपटला. पाल्यासकट त्यांच्या हातात मी दिला. ते डोळे मिटून खात होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शनिवारी सकाळी ते दोन मुळे डब्यात घालून निघाले, तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांचे हात इतके कापत होते की त्यांना पेन धरवेना, म्हणून त्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या. त्या मीच लिहिल्या.

इद्रीस समोर जमिनीवर बसलाय. काल त्याने मार खाल्ला, कुणाचा ते विचारू नकोस. आता तो स्वतःच म्हणायला लागलाय, "अशरफ, माझ्याच हातून झाला रे हा. मी मासळीचा वास नीट घेतला नाय." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढंच केलं.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला नऊ-दहा दिवस लागतील. तुला सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून मी दोन पानं भरली, आणि डॉक्टर या भिंतीपलीकडे दहा पावलांवर आहे. औषधाचा डबा खजुरीच्या बुंध्याशी पुरलाय. घरी जाऊन यायला अर्धा तास लागतो. म्हणजे मी हे लिहीत बसलो तेवढाच.

आतून कोणीतरी हाक मारतंय. उठतो.


अबू हलीफा, कुवेत
शुक्रवार, २७ फेब्रुवारी १९५९

आपा,

काल तुझं पत्र आलं. सलाम नाही, अम्मीचा गुडघा नाही, नुसत्या तीन ओळी. "ते मला कधीच प्रिय लिहीत नाहीत. त्यांच्या ओळींत नुसती कामं असतात. ते जिवंत आहेत का तेवढं लिही."

जिवंत आहेत. हे सगळ्यात आधी लिहितो. घरी आले आहेत, आणि हे लिहितोय तेव्हा माझ्या समोर खाटेवर बसले आहेत.

त्या दिवशी बाकावरून उठलो तो घरी गेलो, हातांनीच माती उकरली आणि डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. त्याने कागद सोडला, डब्यावरची अक्षरं वाचली आणि आत धावला. मग सुई टोचली, पुन्हा टोचली, संध्याकाळपर्यंत टोचतच होते. मगरिबच्या सुमाराला नर्सने सांगितलं की डोळ्यांतली बाहुली मोठी व्हायला लागली. मी तिथेच फरशीवर बसलो. डॉक्टर जाताना म्हणाला की सकाळी सांगितलं असतं तर एवढे हाल झाले नसते. त्यांच्या उजव्या हाताचा कंप अजून गेलेला नाही. रंधा धरवत नाही. जाईल म्हणतात, कधी ते सांगत नाहीत.

इद्रीसची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, आधी चूल मोकळी करा, भात लावायचाय. वाडीतलं सगळं उपटून खोल खड्ड्यात पुरलं. खड्डा उस्मानने खणला आणि मला कुदळीला हात लावू दिला नाही. कंपनीत मी स्वतः जाऊन सांगितलं. फवारणीवरून काढून मला झाडलोटीला लावलंय. ठेवायचं की गावाला पाठवायचं ते पुढच्या महिन्यात कळेल. त्या भीतीची मला आता सवय झालीय.

दवाखान्यात दुल्हाभाईंना मी डब्याचं सांगितलं. रोज्याचं सांगितलं नव्हतं. तेवढं गिळून टाकायचं मी ठरवलं होतं. डब्याची चूक माणसाच्या हातून होते, कोणीही समजून घेईल. रोज्याचं काय सांगणार? पण चौथ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होतो, तेव्हा त्यांनी चमचा धरलेला माझा हात अडवला. म्हणाले, "जुम्याला तुझा रोजा होता." मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी चमचा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "रोजा नव्हता तो. भियालास तू."

आणि उरलेली पेज त्यांनी डाव्या हाताने स्वतः खाल्ली.

ते घरी आल्यावर गेल्या जुम्याला जमात बसली. मी वही उघडली आणि माझ्याविरुद्धचा ठराव माझ्याच अक्षरात लिहायला घेतला. कोणी म्हणालं एक महिना वेगळं ताट, कोणी म्हणालं याला घरातूनच काढा. उस्मान माझ्याकडे पाठ करून बसला, त्याचंच मला जास्त लागलं. शेवटी सगळे सदराकडे वळले. दुल्हाभाई म्हणाले, "मी नाय ठरवणार. जिचा नवरा जात होता ती ठरवील." तसंच वहीत लिहिलंय, खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. अशरफने सुगराला सगळं खरं लिहावं, टाकण्यापूर्वी जमातीला वाचून दाखवावं, आणि ती लिहील ते सगळ्यांना मान्य.

आठ दिवस झाले, आपा. रोज पेन घेऊन बसलो आणि रोज उद्यावर टाकलं. काल तुझ्या तीन ओळी आल्या नसत्या तर आजही टाकलं असतं. बाकावर लिहिलेलं पत्रही यात घातलंय, त्यातला एक शब्द बदललेला नाही. ते आणि हे इथवर लिहिलेलं मी आत्ता सगळ्यांसमोर वाचलं. रोज्याच्या जागी मी अडखळलो, तेव्हा इद्रीसने पाण्याचा पेला पुढे केला.

ठरावाच्या दिवसापासून मी कोपऱ्यात जेवतो. उस्मानने ते तीन दिवस कसे काढले असतील ते आता कळतं. थाळ्याभोवती सगळे बोलत असतात, आणि घास खाली उतरत नाही. रमझान बारा-तेरा दिवसांवर आलाय. तुझं उत्तर यायला अठरा-वीस दिवस लागतील, म्हणजे पहिले काही रोजे मी कोपऱ्यातच सोडेन. पुढचे कुठे सोडायचे ते तू लिही. घराबाहेर काढा असं लिहिलंस तरी मी जाईन. मला त्याची भीती आहे, पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. तू अम्मीपासून हे लपवशील, मला सांभाळून घेशील, आणि आयुष्यभर माझ्या हातचं काही खाताना एकदा थांबशील. तसं असेल तर तेही लिही.

खाली थोडी जागा सोडलीय. दुल्हाभाई लिहिणार आहेत. मी वाचणार नाही, लखोटा तेच चिकटवणार आहेत.

भाऊ असं लिहायची हिंमत तुझं उत्तर येईपर्यंत होत नाही.

अशरफ


खुराड्याचं दार रमझानआधी बसवून घे, मुंगूस येतं. अम्मीला यातलं काही वाचून दाखवू नको. अक्षर वाकडं आहे, हात बरा होईल. उत्तर लवकर टाक. पोरगा जेवत नाही.