कोरा खटका

४ डिसेंबर १९६२, मंगळवार

दिवाळीला कॅमेऱ्यात रोल नव्हता.

लिहून टाकलं! तोंडाने सांगायची छाती नाही, म्हणून इथे.

सुंदरकाकी आज सकाळी गेली. शेजारची. तिच्या अंगणात मी रांगलो, तिच्या हातची भाकर खाल्ली, तिच्या बोकडाला तिचं लुगडं नेसवलं म्हणून तिच्या हातचा मारही खाल्ला. तिचा एकुलता एक लोटन पलटणीत आहे, वर बर्फात. लढाई थांबली म्हणतात, पण रजा नाही. तार केली. येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक.

आमच्याकडे ज्याचा जिवंतपणी फोटो निघाला नाही, त्याचा मेल्यावर काढतात. भिंतीला टेकवून बसवायचं, दोन बाजूंनी दोघांनी धरायचं. दोधू न्हाव्याने मला हाक मारली - 'चुडामण, कॅमेरा आन रे!' मी आणला. नवा रोल भरून आणला. काकीला उचलणार, तेवढ्यात पितांबर आबा - तिचा नवरा - उठले.

'ऱ्हाऊ द्या. कसाले तिले तरास? जित्तीना फोटो शे चुडामणपान. दिवाईले काढेल शे. तोच लोटनले धाडसूत.'

जिवंतपणीचा फोटो माझ्याकडे आहे म्हणे! सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅमेरा गळ्यात, रोल आत. एक शब्द बोललो असतो तर निदान मेलेलीचा तरी फोटो निघाला असता!

मी मान हलवली. हो, आहे.

मग तिला नेली.

५ डिसेंबर

कसं झालं ते नीट लिहितो.

नंदुरबारला रतिलालशेठचा फोटो स्टुडिओ आहे. दोन महिन्यांपूर्वी कामाला ठेव म्हणून गेलो, तर म्हणाला, 'अरे भाई, पडद्यापुढे बसवून तर कोणी पण काढेल. मला जिवंत माणूस पाहिजे. घरात कसा बसतो, काम कसा करतो. बारा फोटोंचा आल्बम घेऊन ये. आवडला तर ठेवतो.'

मामाचा जुना डबा कॅमेरा मागून आणला आणि लागलो मागे. पण कॅमेरा बघितला की आमची माणसं खांब होतात. मान ताठ, डोळे बटाट्यासारखे. म्हणून मी युक्ती काढली. आधी रिकामा कॅमेरा घेऊन जायचं. खटका दाबायचा, 'निंघना फोटो!' म्हणायचं. माणूस सैल पडतो, कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी रोल भरून जायचं. असाच दोधू मिळाला, लिंबाला आरसा टांगून स्वतःची दाढी करताना. असाच मोलगीच्या बाजारात फुलसिंग मिळाला, बशीने चहा पिताना, मिशी चहात.

आणि खोटं कशाला बोलू - मजाही यायची. दोधूला कोऱ्या कॅमेऱ्यापुढे एका पायावर उभं केलं होतं! म्हटलं, बंबईची नवी फॅशन आहे. पोट धरून हसलो.

दिवाळीला काकी आली. नवं लुगडं, केसाला तेल. 'चुडामण, मन्हा येक काढ रे भाऊ. लोटनने लिहेल शे, माय, तुन्हा फोटो धाड.'

रोल होता घरात. तीन फोटो उरले होते त्यात. ते मी केळीचे घड उतरवणाऱ्या बायांसाठी ठेवले होते. काकी उभी राहिली झेंड्याच्या काठीसारखी. मनात म्हटलं, ही माझ्या आल्बमच्या काय कामाची?

कोरा खटका दाबला.

'निंघना?' 'निंघना, काकी! येकदम राणीसारखा!'

ती लाजली.

८ डिसेंबर

आबा ओट्यावर बसून असतात. मी गल्ली सोडून मागून जातो.

११ डिसेंबर

गाठलंच आबांनी. 'फोटो धुवाले टाका का रे?' टाकला म्हटलं. 'घाई नही. पन धाड. पोऱ्यानी मायले आग दिधी नही. तोंड तरी दखी.'



१३ डिसेंबर, गुरुवार

आज दहावा. काकीची बहीण आली सासरहून, खापर गावाहून. शांतीबाई. मी तिला पहिल्यांदाच बघितली. बैलगाडीतून उतरली आणि अंगणातल्या बाया रडायच्याच थांबल्या. तीच हनुवटी! तेच नाक! पदर सारायची लकबसुद्धा तीच. फरक एकच. कपाळ कोरं, हात रिकामे. नवरा जाऊन तिला बारा वर्षं झाली.

माझ्या डोक्यात आलं ते आलंच. हाकललं तरी जाईना.

१४ डिसेंबर

सांगितलं तिला. सगळं. मागच्या गोठ्यात शेणाची पाटी भरत होती, तिथे.

आधी कळलंच नाही तिला. मग कळलं. शेणाच्या हातानेच वाजवली! कान अजून गरम आहे.

'मन्ही बहीणनी मस्करी करी तू? मरनारनी?'

मी म्हटलं, मावशी, मार अजून. पण लोटनला काय धाडू?

पाटी भरत राहिली. मग म्हणाली, 'ती सवाशीन गयी. मन्हा असा फोटो कसा चाली?'

काकीच्या जागी तिचा फोटो, हे मी बोलणारच नव्हतो. तीच बोलली.

दुपारी आबा नदीवर गेले. बाकीची मंडळी पांगली. तिने काकीचं दिवाळीचं लुगडं काढलं. काकीच्याच बांगड्या. कोनाड्यातला कुंकवाचा करंडा घेतला आणि मला म्हणाली, 'तिकडे तोंड कर.' मी केलं. लई वेळ लागला. वळून बघितलं तर टिकली वाकडी झाली होती. पुसून पुन्हा लावली.

'गावले समजनं ते माले उभी करतीन नही कोनी. माले दीर शेत, पुतने शेत.' मग पदर सारखा केला. 'दाब तुन्हा खटका. आता तरी रोल शे ना?'

डब्याच्या मागच्या लाल काचेतून रोलचा आकडा दाखवला तिला. हात जोडून दाखवला.

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. मी दाबला. लगेच तिने कुंकू पुसलं. पदराने, जोरजोरात, कपाळ लाल होईपर्यंत. बांगड्या उतरवताना एक फुटली. तुकडे तिने वेचून पदरात बांधले.



१९ डिसेंबर

नंदुरबार. रतिलालशेठने माझ्यादेखत रोल धुतला. आल्बम पुढे ठेवला. दोधू - 'ठीक.' फुलसिंग - 'सरस!' केळीवाल्या - 'चालेल.' मग तारेवर वाळणारा तो फोटो दिसला त्याला. चष्मा वर केला.

'आ कोण छे?'

शेजारची, म्हटलं.

'अरे, ही बघते कशी! वीस वरस झाले, माझ्या कॅमेऱ्याकडे असं कोणी बघितलं नाही. हिला मोठी करतो. काचेत लावतो, दुकानाच्या पुढे. तू सोमवारपासून ये.'

सोमवारपासून ये! दोन महिने ह्या दोन शब्दांसाठी पायाचे तुकडे पाडले मी.

पण स्टेशनाकडे जाणारा माणूस त्या काचेपुढूनच जातो. खापरची माणसं बाजाराला येतात. तिचे दीरही येत असतील.

म्हटलं, शेठ, हा नाही द्यायचा. बाकीचे बारा घ्या.

'केम?'

सांगता येत नाही.

'मग बाकीच्यांना काय करू? असे तर मी पण काढतो. हा दे, नाहीतर वरसभराने ये.'

दोन प्रती आणि निगेटिव्ह घेऊन बाहेर आलो. बस चुकली. पायीच निघालो, मग एका गाडीवाल्याने घेतलं.

२० डिसेंबर

निगेटिव्ह चुलीत घातलं.

२१ डिसेंबर

एक प्रत लोटनला, 'आईचा दिवाळीचा फोटो' अशी चिठ्ठी घालून. एक आबांना. त्यांनी हाताने पुसली, लांब धरली, जवळ धरली. खिळा ठोकला, हार घातला.

मी पाया पडलो. कुणाच्या पडलो?

२ जानेवारी १९६३

शांतीबाई सुतक संपल्यावर केव्हाच गेली. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

१० जानेवारी

आबांनी हाक मारली. कापूस भरू लागायला, म्हणे. कापूस भरून झाला. घाम पुसला. मग आबा शांतपणे -

'चाळीस वरीस संगे काढात रे चुडामण. माले वळखू येस नही का?'

तिथेच बोंडांवर बसलो.

'शांती शे ती. पहिलाच दिन समजनं. तिन्ही कुंकू लावं ते तुन्हासाठी नही. लोटनसाठी. तुले मारनं व्हतं माले. पन पोऱ्या तठे एकला शे. त्याले माय दिखू दे.' मग माझा हात धरला. 'लोटनले कधी सांगू नको. मन्ही आन शे.'

आण घेतली.

फोटोला हार मात्र रोज नवा असतो. मेहुणीच्या फोटोला!

२६ जानेवारी

लोटनचं पत्र. आबांच्या नावाचं वेगळं, माझं वेगळं, बंद केलेलं. शाळेकडून झेंड्याची गाणी ऐकू येत होती, मी संडासाच्या मागे बसून वाचलं.

'चुडामण, मावशीचा फोटो चांगला आला. तंबूतल्या सगळ्यांनी विचारलं, तुझी आई का? मी हो म्हणालो. मावशीने कुंकू कसं लावलं असेल, ते डोळ्यांपुढून जात नाही. आईचा फोटो का नाही, हे आता विचारत नाही. आल्यावर विचारीन. पण आबांनी लिहिलंय की रोज आईच्या फोटोशी बोलतो, म्हणून बरं वाटतं. त्यांना कधी कळू देऊ नको. तुला माझी शपथ.'

मार्चमध्ये येतोय. एक महिन्याची रजा. बाप-लेक त्या फोटोखाली बसून जेवणार, आणि मला बोलावणार.

जो कोणी ही वही उघडशील, पाया पडतो तुझ्या - आबांना सांगू नको. लोटनला सांगू नको. खापरला तर अजिबात नको. कुणालाच नको रे!