पाचवं बटण

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रदर्शन चालू असलं की तू फोन उचलत नाहीस, म्हणून कलादालनाच्या पत्त्यावर लिहिते. आधी घडलेलं, क्रमाने.

१. तुझ्या प्रदर्शनासाठी आमच्या विभागात अकरा जणांचे, त्यांच्या लाडक्या कपड्यांत, एक्स-रे काढले. परवानगी रीतसर होती. मशीन मी चालवलं.
२. कोणीच पेशंट नव्हतं. म्हणून एकही चित्र डॉक्टरांकडे वाचायला गेलं नाही.
३. आई तिच्या सेलमधल्या कोटात उभी राहिली.
४. ठरल्याप्रमाणे फाइली तुला दिल्या आणि आमच्याकडच्या पुसल्या.
५. काल मी प्रदर्शन पाहिलं. शोकेससारखी आतून उजळलेली खोकी, प्रत्येकात एक एक्स-रे, प्रत्येक बरगडीपिंजऱ्याला किमतीचं लेबल. आईच्या खोक्याखाली तू लिहिलंयस : ‘पाच बटणं’.
६. कोटाला चार बटणं आहेत.

चार ठिपके पांढरेशुभ्र आहेत, कड धारदार. पाचवा बाजूला, बरगड्यांमागे, करडा, कड पुसट. चित्र काढणं माझं काम, वाचणं डॉक्टरांचं. त्यामुळे तो काय आहे हे मी लिहीत नाही. मूळ फाइल पाठव.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी धाकटी

६ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

बहिणीला पत्र लिहितेस की पंचनामा? अगं, चांगल्या कोटाला आतून एक जादा बटण शिवलेलं असतं. तुला कुठून ठाऊक असणार, जन्म त्या निळ्या गणवेशात चाललाय तुझा!

आई रोज दुपारी येते. स्वतःच्या खोक्याशेजारी उभी राहून लोकांना सांगते की आतलं फिटिंगही तिचंच आहे. मध्येच खोकते, पण ते इथल्या एसीमुळे, असं तिचं म्हणणं. काल एका बाईने मला विचारलं, हा कोट कुठे मिळेल? हाडापर्यंत दाखवलं, तरी लोकांना दुकानाचाच पत्ता हवा. डोकं धरून बसले.

पुढच्या रविवारी प्रदर्शन संपलं की फाइल शोधते. तोवर आईजवळ अवाक्षर काढू नकोस. एवढी माणसं तिच्यासमोर थांबतायत, असं आयुष्यात पहिल्यांदा घडतंय गं. वेळेवर जेवत जा. रागावू नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जादा बटण शिवणाच्या डब्यात मिळालं. प्लास्टिकच्या पुडीतून कधी बाहेर काढलेलंच नाही.

तरीही खात्री केली. विभागप्रमुखांना विचारून नुसता कोट त्याच मशीनवर ठेवला. चार ठिपके आले. कोट परत हँगरला लावला.

काल भाजी निवडताना आई म्हणाली की तिनेही बटणं मोजली, चारच आहेत. मोठीला लहानपणापासून मोजता येत नाही. खूप हसली. मीही हसले. मग खोकला आला म्हणून तिला पाणी दिलं. सांगितलं काहीच नाही.

शुक्रवारी सकाळी आमच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांना जुनं चित्र त्या दिवशी काढायच्या नव्याशेजारी ठेवून पाहायचं आहे, म्हणून फाइल रविवारची वाट पाहू शकत नाही. आई कोट घालून निघेल. तिथे तो काढावा लागेल. का, ते ती विचारेल.

खोकं उतरवू नकोस. आई दुपारी येईल तेव्हा ते तिथे असू दे. तुझी माया मला ठाऊक आहे, तेवढी पुरे.

फाइल पाठव. आणि आईला तू सांगतेस की मी, ते बुधवारपर्यंत कळव.