फॉर्ममागे नव्वद रुपये

७ जाने. २००८, सोम.
सबनीस मॅडमनी कोटेशन वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे जाहिरात चालली नाही तरी तुमचे बारा हजार चालूच?" म्हटलं, हो, महिन्याची ठरावीक फी असते. "छान आहे. आमची नर्स पेशंटकडे गेली नाही तर मी तिला पैसे देत नाही." बाई निवृत्त मेट्रन. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत ब्युरो चालवतात, घरोघरी नर्स आणि आया पाठवायचा. नोकरी सोडल्यापासूनचं पहिलं बरं गिऱ्हाईक.

९ जाने., बुध.
शकीलशी दिवसभर वाद. नेटवरच्या जाहिरातींची आमची कंपनी म्हणजे आम्ही दोघंच, स्वारगेटच्या मागे एक खोली, त्यामुळे वादात पंच कुणी नाही. त्याच्या घरी तीन पिढ्या फळांची आडत. तो म्हणतो, टक्क्यावर घेऊ. सर्च इंजिनवर जाहिरातीला बाईंचा जितका खर्च होईल त्याचे पंधरा टक्के आपले. मी म्हटलं, बाई लगेच विचारतील, म्हणजे माझे पैसे जितके उडवाल तितकं तुमचं भलं का? मग म्हणाला, ठरावीक फीच ठेव, आठ हजारांवर ये. माझं तिसरंच. फॉर्ममागे पैसे. माणसानं नेटवर चौकशीचा फॉर्म भरला की नव्वद रुपये. नाही भरला तर शून्य. जाहिरातीवरच्या प्रत्येक क्लिकला सर्च इंजिन पैसे घेतं, तो खर्च आपण सोसायचा.
"सुजाता, हा धंदा नाही, जुगार आहे."
शेवटी मीच जिंकले. मी नेहमी जिंकते, तो दमतो म्हणून.

१० जाने., गुरु.
मॅडमनी दोन मिनिटांत सही केली! "हे कसं सरळ." इतकं सोपं? मी कोटेशनची दोन पानं जास्त घेऊन गेले होते. त्यांची अट एकच, फॉर्म थेट त्यांच्याकडे जाणार, आम्हाला फक्त आकडा दिसणार. लोकांच्या घरातलं आजारपण चारचौघांत नको. बरोबर आहे.

२१ जाने., सोम.
अकरा दिवस, चौदा फॉर्म. क्लिकचे पैसे शकीलच्या कार्डावरून भसाभस चाललेत. फॉर्मच्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरात माझी ओळ आहे: आई-वडिलांना एकटं ठेवताय? मुलं वाचतात आणि पान बंद करून जातात. मीही गेले असते.
अण्णांचा फोन. आई डिसेंबरात मोरीत पडली, त्यानंतर मी दोनदाच गेले. "बरी आहे, चालते आता थोडी." माझा जुना कॉम्प्युटर दिलाय त्यावर अण्णा रोज सगळे पेपर वाचतात म्हणे. बाहत्तराव्या वर्षी! रविवारी येते म्हटलं. कर्वेनगर ते विश्रांतवाडी म्हणजे अर्धा दिवस जातो, पण जाईन.

२४ जाने., गुरु.
सुचलं! फॉर्म मुलं भरत नाहीत. ज्यांना वेळ आहे ते भरतात, म्हणजे म्हातारे. सकाळी ओळ बदलली: मुलांना त्रास कशाला? आम्ही आहोत.
संध्याकाळपर्यंत नऊ फॉर्म. एका दिवसात नऊ! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शकीलनं ओळ दोनदा वाचली. म्हणाला, "माझे अब्बा वाचतील तर लगेच भरतील." शाबासकी म्हणून घेतली.

२७ जाने., रवि.
जमलं नाही. दिवसभर आकडा बघत बसले. अण्णा म्हणाले, "असू दे, काम महत्त्वाचं."

४ फेब्रु., सोम.
हादरलेय. शहाण्णव फॉर्मचं बिल नेलं तर मॅडमनी एक्केचाळीस बाद केले. एक्केचाळीस! म्हटलं, कागदावर लिहिलंय, फॉर्म भरला की पैसे. "भरणाऱ्याला नर्स हवी असली पाहिजे, हेही लिहावं लागतं का? मला वाटलं तुम्ही शिकलेल्या आहात." तोंडात मारल्यासारखं झालं. लिहायला हवं होतं. कुठला फॉर्म खरा धरायचा, हे दोघींनीही लिहिलं नाही. आता एवढे बाद झाले तर क्लिकचा खर्चसुद्धा सुटत नाही, मार्चमध्ये खोली सोडावी लागेल.
बाई अन्यायी नाहीत. बाद झालेल्यांची यादी दिली, नावं झाकून झेरॉक्स केलेली, फक्त नंबर आणि पुढे शेरा. "फोन करून बघा. खरा निघेल त्याचे पैसे देईन."

५ फेब्रु., मंगळ.
शकीलबरोबर यादी वाचली. मेट्रनचं अक्षर, चार्टवर लिहावं तसं. 'सुनेनं फोन ठेवला.' 'फक्त रेट विचारतात.' 'नर्स गोरी हवी.' क्र. १७: 'मुलीला विचारून सांगतो म्हणाले. तीन वेळा. बाद.' यावर आम्ही पोट धरून हसलो. मी म्हटलं, ही कोण महाराणी आहे, तीन-तीनदा विचारून उत्तर देत नाही? बऱ्याच दिवसांनी इतकी हसले.

६ फेब्रु., बुध.
पहिले वीस मी घेतले, बाकी शकीलनं.
क्र. ८: "मुलगा ओरडला हो. म्हणाला, आम्ही मेलो का?" क्र. १२, एक आजोबा: "आता नको. ती गेली सोमवारी." मी सॉरी म्हटलं आणि शेऱ्यात 'खरा' लिहिलं. नव्वद रुपये. लिहिल्यावर पेनाकडे बघत राहिले. मला काय झालंय?
क्र. १७. नंबर बघून फिरवायला लागले, आणि अर्ध्यातून बोटं न बघताच पुढे गेली. रिंग वाजेपर्यंत मला कळलंच नव्हतं. तोंडातून पाठ केलेलं सुरू झालं होतं, नमस्कार सर, आपण नर्ससाठी फॉर्म भरला होता…
"अहो मॅडम, सांगितलं ना. मुलीला विचारून सांगतो. ती जरा कामात असते."
अण्णा.
माझा आवाज ओळखला नाही त्यांनी. ऑफिसातला आवाज त्यांनी कधी ऐकलाच नाही. फोन ठेवला. शकील विचारतोय काय झालं, काय झालं.
मला विचारलंच नाही. एकदाही नाही.

७ फेब्रु., गुरु.
न सांगता गेले, दुपारी. दार नुसतं लोटलेलं. अण्णा आईला उठवत होते. तिच्या काखेतून चादर घातलेली, टोकं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलेली, एक, दोन, तीन म्हणत. बनियनखाली त्यांचा हर्नियाचा पट्टा दिसत होता. आई चालत नाही. पडल्यापासून चाललेलीच नाही.
"अगं, आज सुट्टी?"
"चालते म्हणाला होतात."
"चालली होती की एकदा. भिंतीला धरून."
आई म्हणाली, "इतक्या लांब कशाला आलीस काम टाकून? आम्हाला काय धाड भरलीय?" ते ऐकलं आणि कळलं. ओळ मला सुचली नव्हतीच. आमच्या घरात लहानपणापासून हेच ऐकलंय, तिला त्रास नको, तिला अभ्यास करू दे, तिला काम करू दे. मी तेच उचलून नेटवर टांगलं आणि त्याचे नव्वद रुपये लावले. स्वतःच्या बापाच्या नावावर.
फॉर्मचं बोलले नाही. बोलायचं तर ओळ कुणाची तेही सांगावं लागेल. चहा केला, आईचे केस विंचरले, निघाले. भेकड आहे मी.

८ फेब्रु., शुक्र.
ओळ काढून टाकली. शकीलला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून यादी पुढे ओढली. मग हळूच, "यादी मॅडमना द्यायचीय. सतराला काय लिहू? खरा की बाद?" त्याचं चूक नाही, यादी द्यायचीच आहे. म्हटलं, कोरं ठेव.
मॅडमचा निरोप: पुढच्या महिन्यापासून पैसे कसे घेणार ते सोमवारी कळवा. शकील म्हणतो, ठरावीक फी. मी यावेळी वाद घातला नाही, त्यालाच धक्का बसला.

११ फेब्रु., सोम.
ओळ काढल्यापासून तीन दिवसांत दोन फॉर्म.
साडेअकराला अण्णांचा फोन. "सुजाता, कामात आहेस का? एक विचारायचं होतं." म्हटलं, विचारा, अण्णा.
"नेटवर एक पान होतं, नर्स पाठवणाऱ्यांचं. त्यावर एक चांगली ओळ होती. आज बघतो तर गेली. बंद झाले का गं ते लोक?"
"नाही. चालू आहेत."
"मग बरं." मागे आई काहीतरी म्हणत होती. "त्यांचा रेट कसा आहे, दिवसावर घेतलं तर एक, महिन्यावर घेतलं तर एक. तुझं तर कामच ते, कोटेशनं द्यायचं. कसं घेतलेलं बरं?"
शकील समोर यादी धरून उभा होता, सतरापुढे अजून कोरं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "महिन्याचं घ्या, अण्णा. स्वस्त पडतं."
मग अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये असं, "म्हणजे ती इतक्यात उठत नाही, असं वाटतं का तुला?"
मी आहे ना, असं म्हणणार होते. पण ते शब्द मी पानावर वापरून टाकलेत, तोंडातून निघेनात. अण्णा हॅलो, हॅलो करत राहिले.