सगळ्यात सोपी ओळ

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

पायांचे तुकडे पडलेत, पण तो फॉर्म उद्या द्यायचाय. पुढच्या महिन्यापासून गुहागरकडच्या उपकेंद्रात मी एकटीने बाळंतपणं करणार, म्हणून प्रत्येक कामापुढे आपणच खूण करायची: 'एकटीला जमतं' की 'कुणी सोबत हवं'.

अवघड कामांवर आठवडाभर डोकं खाजवलं. 'बाळाचे ठोके ऐकणे' ही ओळ मात्र पहिल्याच दिवशी पेनने भरून टाकली. एकटीला जमतं. त्यात काय विचार करायचा?

आज दुपारी वॉर्डात एक पहिलटकरीण होती, कळांनी घामाघूम. मी फिटोस्कोप, ती ठोके ऐकायची नळी, पोटाला टेकवून ठोके मोजले. एकशे वीस, बाळाचे असतात तेवढेच. तिनं विचारलं, "ताई, बाळ बरा हाय ना?" मी म्हटलं, "एकदम छान."

मागून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं नि म्हणाल्या, "आता परत मोज, मोठ्याने." माझा प्रत्येक आकडा त्यांच्या बोटाखालच्या ठोक्यावरच पडत होता. मी आईचीच नाडी मोजत होते.

"आधी मनगट धरायचं, किती वेळा सांगितलं गं?"

बाळाचे ठोके त्यांना दुसऱ्या बाजूला सापडले. चांगले होते. पाच वाजता मुलगी झाली, खणखणीत रडली.

मग मलाच का एवढं लागलंय? ती खूण खोडली. कुणी सोबत हवं. पण तिकडे मागून कोण येणार?

ती पहिलटकरीण घाबरली होती. तिच्याच काळजाची धडधड ऐकून मी तिला सांगितलं, बाळ छान आहे.