चव नंतर येईल

प्रिय पोरी,

तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात हे लिहितेय. तुझ्या डब्याबरोबर ठेवीन, दुपारी दुकानात वाच. समोर बोलायला गेले असते, तर तू "आई, आधी गोळी घ्या" म्हणून मला गप्प केलं असतंस.

फ्लू छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझा नुसता सापळा उरला होता. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून तोंडाचा पट्टा चालवलेली मी, पण पाणी मागतानाही धाप लागायची. डॉक्टर म्हणाले होते, "इन्फेक्शन गेलं, पण आजारानं स्नायू झिजलेत. आता पोटात अन्न जायला हवं, प्रथिनं जायला हवीत." त्यांना म्हणायला काय जातंय? मला सगळं पुठ्ठ्यासारखं लागत होतं.

भरलेलं ताट पाहून मला धडकी भरते, हे तू न सांगता ओळखलंस. मग छोट्या वाट्या सुरू झाल्या. कधी अंडं, कधी दही, कधी बटाट्याचं सूप आणि त्यात माझ्या नकळत कालवलेली दुधाची पावडर. जरा डोळा लागतोय तोवर तू पुन्हा हजर! एकदा चिडून मी वाटी ढकलली, सूप तुझ्या अंगावर सांडलं. तू कपडे पुसत म्हणालीस, "चव नंतर येईल, आई. आधी घास जाऊ द्या." आणि दुसरी वाटी भरून आणलीस. माझा लेक, तुझा नवरा, जाऊन वर्षं लोटली, तरी तू इथेच राहिलीस.

परवा संत्र्याची फोड आंबट लागली, तेव्हा दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. काल तर कठड्याला धरत धरत, पण कुठेही न बसता गच्चीपर्यंत चढले.

तिथे तू कपडे वाळत घालत फोनवर बोलत होतीस. "आईंना सोडून नाही येता येणार. माझी वाट बघू नकोस." तुमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो तो, मी आजारी असताना फळं आणून देणारा, त्याची दुसऱ्या शहरात बदली झाल्याचं मला ठाऊक होतं. त्यानं तुला लग्नाचं विचारलंय, हे काल तुझ्या बोलण्यावरून कळलं. पोरी, त्याला हो म्हण. माझ्यासाठी थांबू नकोस. मी आता माझं करून खाईन, आणि आठवण आली की तुझ्याकडे येऊन राहीनही. सकाळीच त्याला फोन करून आज रात्री जेवायला बोलावलंय. स्वयंपाक मी करणार आहे. तू फक्त त्याच्याबरोबर घरी ये.

तुझी आणि फक्त तुझीच,
आई